बाईंना उठवायची रीत

"मनगट नको गं धरूस! काखेत हात घाल. आधी डावा पाय खाली, मग उजवा. मी 'हं' म्हटलं की उचल."

पलंगाच्या कडेला बसून बाई नव्या मदतनिशीला शिकवत होत्या. उभी हयात शाळेत कवायत घेण्यात गेलेली, त्यामुळे हुकूम सोडायची सवय हाडीमाशी खिळलेली. मदतनीस पाठवणारी संस्था दर पंधरवड्याला माणूस बदलायची. जीव गुंतला की या बायका घरच्यासारख्या वागू लागतात, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं. म्हणजे एकीला उठवायची रीत जेमतेम जमली की तिचं बोचकं बांधून तयार. बाई पुन्हा श्रीगणेशा करायच्या. कुरकुरायच्या, पण करायच्या. कारण आधाराने का होईना, संडासापर्यंत स्वतःच्या पायांनी जाता येत होतं. तेवढाच काय तो तोरा उरला होता.

ही नवी मात्र घायकुतीला आलेली. "पडलात तर माझ्या गळ्याशी येईल, आजी," म्हणत तिने त्यांना आडवं केलं आणि डायपर बांधला.

"आजी कोणाला म्हणतेस? मला जाता येतं. उठव मला!"

"त्यातच करा ना. मी आहे बदलायला."

बाईंनी मुलाला हाक मारली. तो दारातूनच म्हणाला, "आई, हट्ट नको ना करूस. तुझ्याच सोयीचं आहे ते."

दुपारपर्यंत बाईंनी दातओठ खाऊन कळ काढली. मग पोटाने दगा दिला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मदतनीस गुणगुणत सगळं पुसत होती. तिच्या हाताला राग नव्हता, किळसही नव्हती, आणि त्याचाच बाईंना जास्त संताप आला.

पंधरवडा संपला तेव्हा सून साहेबांना फोनवर सांगत होती, "अहो, फार छान बाई होती. सासूबाईंचा आता काही म्हणजे काही त्रास नाही."

पुढची आली ती पोक्त, सावकाश बोलणारी. पलंगाशी वाकून तिने विचारलं, "बाई, तुम्हाला कसं उठवायचं? सांगाल तसं करते."

आजवर आलेल्यांपैकी हे आपणहून विचारणारी ही पहिलीच. बाईंनी चादरीखाली पाय हलवून पाहिले. ते दुसऱ्या कोणाचे असावेत तसे पडून राहिले.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "झालंय माझं. तेवढं बदल."

आणि तिला हात घालता यावा म्हणून, तिने न सांगताच, कुशीवर वळल्या.