अर्धा प्रश्न

आज शाळाभर ठकीला भूमितीच्या बाई म्हणतात, पण एके काळी ती भूमितीत अगदी ढ होती. प्रमेयं ती कवितेसारखी घोकायची आणि एक ओळ विसरली की पुढचं सगळं गुल व्हायचं. दोनदा नापास झाल्यावर वडिलांनी हात टेकले. "फेरपरीक्षेतही नापास झालीस तर शाळा बंद. आत्याच्या दुकानात बसायचं."

आत्याचं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. आत्या एकटी, तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचे. त्या सुट्टीत ठकी रोज तिथेच असायची. लाकडाच्या भुशाचा तो वास आठवला की तिला अजून भरून येतं.

चौकट काटकोनात आहे का, हे आत्या दोरीने बघायची. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून गाठ मारायची आणि तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांवर धरायची. गाठ कोपऱ्यावर आली की चौकट चोख. ठकीने हे बघून बघून उचललं आणि एक दिवस एकटीने चौकट ठोकली. वरची पट्टी बोटभर आखूड कापली गेली होती. सांध्यांतल्या फटी तिने भुसा-सरसाचा लगदा भरून बुजवल्या, दोरी लावली, गाठ दोन्हीकडे बरोब्बर! मग काच घातली, तर काच बसेना.

"गिऱ्हाईक चारला येणार," आत्या म्हणाली. "कोण चुकलं? दोरी की तू?"

"दोरी तर दोन्हीकडे सारखी आली!"

"मग दोरी खरंच बोलली. तू तिला अर्धाच प्रश्न विचारलास. ती चौकट समोर घेऊन बस आणि डोकं चालव."

ठकी फुरंगटून बसली. मग खडूने टेबलावर चौकट आणि दोरीच्या दोन्ही तिरक्या रेघा काढू लागली. तासाभराने ती ओरडलीच, "आत्या, उभ्या पट्ट्या सारख्या, दोऱ्या सारख्या आणि खालची पट्टी दोन्ही त्रिकोणांत एकच! तिन्ही बाजू जुळल्या, म्हणून खालचे दोन कोपरे सारखे!"

"आणि वरचे?"

"वरची पट्टी खालच्याएवढी असती, तर चौकट कुशीवर वळवूनही असंच बघता आलं असतं. मग वरचा कोपराही खालच्याएवढा. चारही सारखे, आणि चौघांचा मिळून एक पूर्ण फेरा. म्हणजे प्रत्येक जण काटकोन! आधी समोरासमोरच्या पट्ट्या मोजायच्या, मग दोरी."

"हे पुस्तकात आहे का?"

"असेल. मी बघितलं नाही."

आत्या हसली आणि चारच्या आत दोघींनी नवी चौकट ठोकली. त्यानंतर रोज दुपारी ती ठकीला काहीतरी विचारायची आणि उत्तर निघेपर्यंत उठू द्यायची नाही.

फेरपरीक्षेत ठकी प्रमेयाची ओळ विसरली, पण या वेळी तिने ती विचार करून काढली. निकाल घेऊन ती धावत दुकानात आली. "शाबास! आता इथे गर्दी करू नकोस, शाळेत जा," एवढंच आत्या म्हणाली.

कितीतरी वर्षांनी आत्या गेली. दुकान आवरताना मागच्या खोलीत ठकीला कामाचं एक बुटकं टेबल सापडलं. त्यावर एक ओरखडाही नव्हता.

"तुझ्यासाठी केलं होतं तिनं," वडील म्हणाले. "फार हौसेनं. मीच सांगितलं होतं ना, ही पोर काही पास व्हायची नाही, तुझ्याकडेच येणार म्हणून."

"कधी केलं होतं?"

"त्याच सुट्टीत. तू दुकानात जायला लागलीस, त्याच आठवड्यात."

ठकीने टेबलावर डोकं टेकलं आणि ती लहान मुलीसारखी रडली.