उलटा पीळ

मी एक जुना पाना आहे, मित्रांनो. पण मूळचा मी बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा. नरडाण्याजवळच्या एका खेड्यात पितांबरभाऊंनी जुनी मोटार घेतली, तेव्हा तिच्याबरोबर हत्यारे आलीच नाहीत. साल १९४२, लढाईचे दिवस. धुळ्यातही पाना मिळेना. मग सुपडू लोहाराने ओल्या मातीत चाकाच्या नटाचा ठसा घेतला, मला भट्टीत लाल केले आणि त्या ठशाबरहुकूम तोंड दिले.

दीड वर्षात उजवीकडची चाके मी कितीदा उघडली. "यानापुढे विलायती पाना काय करस!" भाऊ म्हणायचे, आणि मी फुगायचो. डावीकडचे चाक उघडण्याची वेळ मात्र कधी आली नाही.

ती एका दुपारी आली. भाऊंची चार वर्षांची भागी घटसर्पाने घुसमटत होती. वैद्य म्हणाले, "संध्याकाळच्या आत धुळ्याच्या दवाखान्यात सुई मिळाली पाहिजे." आई कुंदाबाई तिला मांडीवर घेऊन मागे बसली, शेजारी भाऊंचे वडील, उखर्डूआबा. अर्ध्या वाटेत डावीकडचे मागचे चाक फुटले.

भाऊंनी मला नटावर चढवून नेहमीच्या दिशेने दाबले. नट हलेना. ते माझ्या दांड्यावर उभेच राहिले. माझ्या जबड्यात बारीक चीर गेली. मला ती कळली, त्यांना नाही. मी तुटलो तर दुसरा पाना नव्हता, आणि भागीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"बिगी करा! पोर निळी पडी राह्यनी!" कुंदाबाई ओरडली.

भाऊ पुन्हा पाय उचलणार, तोच आबा वाकले. जन्मभर अंबाडीचे दोर वळलेला माणूस. नटाबाहेर डोकावणाऱ्या बोल्टच्या आट्यांवर त्यांनी नख फिरवले.

"थांब रे! हाऊ पीळ उलटा शे."

"आबा, लोखंड शे ते, दोर नही!"

"पीळ तो पीळ. सोडाना सोडी तू त्याले आनखी आवळी राह्यना, येडा!"

भाऊंनी मला उलट्या दिशेने फिरवले. कच्चकन पहिला नट सुटला. मग दुसरा. दर नटाला माझी चीर केसभर वाढत होती. पाचवा हाती येईपर्यंत माझा माझ्यावर भरवसा नव्हता. जादा चाक आवळताना मात्र भाऊंचा हात हलका होता.

दिवस मावळायच्या आत भागीला सुई मिळाली.

पुढे सुपडूने माझ्या जबड्याला कडे ठोकले. आबांनी दांड्याला उलट्या पिळाचा दोर गुंडाळला. "डावं चाक, डावा पीळ," एवढेच म्हणाले. तसल्या मोटारींत डावीकडची चाके धावताना नट सैल होऊ नयेत म्हणून त्यांचे आटे उलटे असत, हे मला पुढे कळले.

आता आबा नाहीत. मोटारही विकली गेली. मी गोठ्यातल्या खुंटीवर गंजत असतो. दोर कुजला की भागी नवा वळते, आबांसारखाच उलटा.

मित्रांनो, हत्याराला तेल द्या, जागच्या जागी ठेवा. पण जोर लावण्याआधी एकदा वाकून पीळ पाहा. तुटण्याआधी आम्हाला ओरडता येत नाही.