बेगिमायचे ठोके

ब्याऐंशी. पडद्यावरचा आकडा खाली उतरायचं नाव घेत नव्हता.

ठोके मंदावण्याची दुसरी गोळी देऊन पाऊण तास झाला होता. काचेपलीकडे, सीटी स्कॅनच्या फळीवर वीस वर्षांची बेगिमाय डोक्याचा रुमाल कपाळापर्यंत ओढून पडली होती. पाय गुडघ्यात दुमडलेले, कारण सासूच्या दिशेने पाय पसरायचे कसे? लग्नाला जेमतेम सात महिने झाले होते. पाण्याची बादली उचलताना दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा हृदयाची एखादी रक्तवाहिनी भलत्याच वाटेने गेली असावी असा डॉक्टरांना संशय आला.

ठोके साठच्या आसपास आले की यंत्र दोन ठोक्यांमधल्या विसाव्याच्या क्षणीच किरण सोडतं. धावत्या हृदयाला ते जमत नाही. मग अखंड सोडावे लागतात, चौपट, आणि तेही कोवळ्या मुलीच्या छातीतून आरपार. त्याचं आज काही दिसत नाही. वीस वर्षांनी दिसलं तर तेव्हा कानिशायला कोण विचारायला येणार? सीटी चालवणाऱ्या कानिशायला याचाच संताप यायचा. ज्याचा जाब कोणी विचारत नाही ते काम माणसं किती बिनदिक्कत उरकतात, हे तिने बारा वर्षं पाहिलं होतं.

"किती वेळ त्या आकड्याचं तोंड बघत बसणार आहेस?" डॉक्टर तालंत दारातूनच म्हणाले. "मला तीनला शस्त्रक्रिया आहे. सोड अखंड किरण आणि मोकळी हो."

"दहा मिनिटं द्या, बाइके." थोरल्या भावाला म्हणावं तसं कानिशाय म्हणाली.

"मघाशीही दहाच मागितली होतीस."

"दिलीत कुठे? पाचव्या मिनिटाला परत हजर!"

"जीभ बघा हिची! पाच मिनिटं. मग मी स्वतः बटण दाबीन." ते गेले.

काचेअलीकडच्या खोलीत आणखी एक माणूस होतं, बेगिमायची सासू तुर्सुनकान आपा. ओश शहरातल्या त्या इस्पितळात वडीलधाऱ्या बाईला 'बाहेर बसा' म्हणायची कोणाची छाती नव्हती. आपा खुर्चीत ऐसपैस बसली होती आणि सुनेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच देत होती.

"बेगिमाय, घाबरली आहेस का?" कानिशायने माइकमधून विचारलं.

"आमच्या घरची सून कशाला घाबरेल?" आपा म्हणाली.

"पाय सरळ कर बाळा. श्वास सोड. हळू," कानिशाय म्हणाली.

चौऱ्याहत्तर. एकाहत्तर. एकोणसत्तर. कानिशायचा हात बटणाकडे सरकला.

आपाने घसा खाकरला.

अठ्ठ्याऐंशी.

माइक चालूच होता. कानिशायने तो बंद केला. तीही कधीकाळी सून होती. सासू खाकरली की हातातलं टाकून उभं राहायचं, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आपा," ती म्हणाली. "तुम्ही जरा बाहेर..."

"का? मी काय तुझं यंत्र खाते?"

"तो आकडा बघा. तिचे ठोके आहेत ते. तुमचा आवाज तिच्या कानी गेला की वाढतात. असेच राहिले तर तिला चौपट किरण द्यावे लागतील. ते पुढे तिला बाधू शकतात."

"माझ्यामुळे?" आपाचा चेहरा लालबुंद झाला. "कधी बोट लावलं नाही मी तिला! विचार तिला!"

कानिशायने माइक पुन्हा चालू केला. आपा पडद्याकडे वळली. आकडा सत्तरवर आला होता. ती त्याच्याकडे रोखून बघत राहिली आणि मुद्दामच, बारीकसं, खाकरली.

शहाऐंशी.

तिने वाट पाहिली. एकाहत्तर. पुन्हा खाकरली. नव्वद. काचेपलीकडे मुलगी कोपर टेकून उठू लागली.

"झोप, झोप!" कानिशाय ओरडली.

आपा गुडघ्यांवर हात टेकून उठली, बाहेर गेली आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

अडुसष्ट. पुन्हा दार उघडलं. डॉक्टर तालंत सरळ बटणांकडे आले. कानिशायने त्यांवर आडवा हात ठेवला.

"हात काढ."

"नाही काढणार."

"कानिशाय!"

चौसष्ट. एकसष्ट. एकोणसाठ. तिने बटण दाबून शिरेत वाहिन्या उजळवणारं औषध सोडलं. आकडा हलला नाही. "श्वास रोखून धर, बेगिमाय." यंत्र गुरगुरलं. काही सेकंदांत सगळं आटोपलं.

चित्र लख्ख आलं होतं. संशय खराच होता; वाहिनी वाकड्या वाटेनेच गेली होती. डॉक्टर पडद्यावर वाकले आणि पुटपुटले, "चौथाई किरणांत. बरं झालं, हात काढला नाहीस."

बाहेर आपा बाकावर बसली होती. "झालं?"

"झालं. थोडक्या किरणांत. दोष सापडलाय, उपाय डॉक्टर सांगतील."

"मी गेल्यावर आकडा किती झाला?"

कानिशायला खोटं बोलता आलं असतं. "एकोणसाठ," ती म्हणाली.

"माझी सासू जाऊन अकरा वर्षं झाली," आपा म्हणाली. "माझे ठोके कधी कोणी मोजलेच नाहीत."

दार उघडून बेगिमाय बाहेर आली, सासूला बघून थबकली आणि मान खाली घालून भिंतीशी उभी राहिली. आपा उठली आणि बाकापासून बाजूला झाली.

"बस."

मुलगी जागची हलेना.

"बस म्हणते ना. मी उभी आहे तरी बस."

बेगिमाय बाकाच्या अगदी कडेला टेकली, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. कानिशायला पडद्याशिवायही कळत होतं, पोरीचे ठोके पुन्हा नव्वदच्या पुढे गेले असणार.