आधी मान, मग म्हणणं

मी एक जुनी शाल आहे. पांघरायची नव्हे, सत्काराची. मित्रांनो, आजवर मी एकाही माणसाची थंडी घालवलेली नाही.

दूरच्या एका गिरणीत माझा जन्म झाला. परभणीच्या दुकानातून मला दिनकररावांनी आणलं. ते आमच्या तालुक्यातल्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. सुरुवातीला माझ्या काठाचं लय कौतुक झालं. मग मला मेख कळली. सभेत कुणी अडचणीचं विचारलं, की दिनकरराव त्याचा सत्कार ठेवत. हातात नारळ, खांद्यावर शाल. असा माणूस भांडत नाही. फोटो निघाला, की "घडी घालून देतो" म्हणत मला काढून घेत. नारळ त्याचा, मी परत कपाटात.

यंदा फार्मासिस्ट दिनाला त्रिवेणीताई आल्या. ताडकळसच्या एका मेडिकलवर त्या फार्मासिस्ट. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या देत नाहीत, म्हणून मालक महारुद्रशेठ त्यांना काढायला निघाले होते. संघटनेनं शब्द टाकला असता, तर नोकरी राहिली असती.

"आण्णा, मला बोलायचंय."

"बोला की ताई! पण आधी मान, मग म्हणणं." दिनकररावांनी मला झटकलं.

"सत्कार नको. शेठ इथंच बसलेत. त्यांना सांगा, मी चुकले न्हाई."

"सणाच्या दिशी भांडण व्हय? अन् संघटना दुकानदारांची. नोकरदारांचं आमी कसं बोलावं?"

"मग आमचं कोण बोलायचं?"

"शेठ, उठा. तुमच्याच हातानं घाला शाल."

महारुद्रशेठनी हसत मला ताईंच्या खांद्यावर टाकलं. टाळ्या झाल्या, लगेच आभार, मग चहा-चिवडा. म्हणणं राहूनच गेलं.

दिनकरराव घडी घालायला आले, तेव्हा ताईंनी ती आधीच घातली होती. काठाला काठ जुळवून.

"ठेवा आण्णा. पुढच्याला लागंल."

महिना संपला आणि ताईंची नोकरी गेली. परवा कपाटाबाहेर महारुद्रशेठचा आवाज आला, "आता कसं काउंटर बिनबोभाट चालायलंय! मागंल त्याला गोळी." दिनकररावांनी लगेच चहा सांगितला.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शिकवतात. मला जपू नका. माझ्या घडीतल्या डांबरगोळ्या काढून टाका, कसर लागू द्या. मग कुणी बोलायला उठलं, तर त्याच्या खांद्यावर टाकायला काहीच उरणार नाही. ऐकावंच लागेल.