नुसतं पाणी

“पाणीच आहे हो, नुसतं पाणी!” टाउन हॉलच्या मंचावरून हॉलिस ट्रंबुल हसत म्हणाले. धातूंवर मुलामा देण्याच्या आपल्या कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडायची परवानगी त्यांना हवी होती.

तिसऱ्या रांगेतली ओना झुब्रिस उठली. गावातल्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती. नऊ वर्षांपूर्वी तिच्या भावाच्या, काझिसच्या, मृत्यूच्या चौकशीत ट्रंबुल हेच शब्द बोलले होते. काझिस त्याच कारखान्यात पंप दुरुस्त करताना विजेच्या धक्क्यानं गेला. आम्लाची टाकी गळत नव्हती, जमिनीवर पाणीच होतं, कामगार प्यायलेला होता, असा निकाल लागला. काझिस दारूला शिवत नसे. त्याचे बूट आणायला गेलेल्या ओनानं जमिनीवरच्या त्या थारोळ्यातलं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. तेव्हा तिचं कोणी ऐकलं नाही. बाटली शाळेच्या कपाटात राहिली.

तिनं मंचासमोरच्या टेबलावर ती बाटली, तीन पेले आणि तारांनी जोडलेले बॅटरी, छोटा दिवा आणि कार्बनच्या दोन कांड्या मांडल्या.

“ओनाबाई, इथे शाळा भरवताय का?” ट्रंबुल म्हणाले. चार जण हसले.

“तुम्ही शिकला असतात तर भरवावी लागली नसती.”

तिनं कांड्या नळाच्या पाण्यात बुडवल्या; दिवा लागला नाही. व्हिनेगरमध्ये बुडवल्यावर दिव्याची तार जेमतेम तांबूस झाली.

“आम्ल पाण्यात फुटतं, त्याचे विद्युतभारित कण होतात. तेच वीज वाहून नेतात. व्हिनेगरमध्ये थोडेच फुटतात. आणि हे काझिसच्या पायाखालचं.”

बाटलीतलं पाणी तिनं तिसऱ्या पेल्यात ओतलं आणि कांड्या त्यात बुडवल्या. दिवा लख्ख पेटला.

“बाटलीत काय भरलंय कुणास ठाऊक,” ट्रंबुल म्हणाले.

“पाणीच आहे ना? मग प्या.” तिनं पेला पुढे सरकवला.

सगळं गाव बघत होतं. ट्रंबुलनी पेला उचलला, ओठांपर्यंत नेला. अडवावं, असं ओनाला एकदाही वाटलं नाही. एक थेंब बोटावर सांडला. त्यांनी पेला घाईनं खाली ठेवला आणि बोट कोटाला पुसत राहिले.

मागच्या रांगेत कारखान्यातला फिटर ब्रूनो उभा राहिला.

“टाकी गळत होती. मी दोनदा सांगितलं होतं साहेबांना.” त्यानं टोपी काढली. “चौकशीत गप्प बसलो. पोरं लहान होती, ओना.”

नऊ वर्षं हा माणूस दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिची ख्यालीखुशाली विचारत आला होता.

परवानगी त्या दिवशी नाकारली गेली. ट्रंबुल बाजूच्या दारानं निघून गेले. ओनाकडे कोणी येईना. ब्रूनोनं तिच्यासाठी खुर्ची ओढली.

ती बसली नाही. उभ्यानंच तिनं कांड्या धुतल्या, पुसल्या, पुन्हा पुसल्या. त्या कधीच कोरड्या झाल्या होत्या.