भुरीबाईच्या तुरीचं बी

डबा उघडला तं आतून नुसती भुकटी सांडली. भुंगे टेबलावर पळून राह्यले होते आन् मी येड्यासारखा एकेक दाना उजेडात धरून पाहून राह्यलो होतो. सगळ्याईले छिद्रं. उगवाच्या लायकीचा एकही नाई. मी, संघदीप, तुरीच्या मर रोगावर सात वर्षं काम करनारा शास्त्रज्ञ, घरच्या कपाटापुढं ढसाढसा रडलो.

घरी काहून ठेवलं, असं विचारसान तं सांगाले लाज वाटते. ऑफिसात कोनी पाहीन, मनून! हैदराबादच्या प्रयोगशाळेतली रत्नमाला माही वर्गमैत्रीण. तिनं तीनदा फोन केला होता, "अर्धं बी मला पाठव, इथं थंड खोलीत सुरक्षित राहील. दोघं मिळून काम करू, पेपरवर तुझं नाव आधी." मी "हो हो, पाठवतो" मनलो आन् पाठवलं नाई. माहा शोध, मी कायले वाटू? अक्कल गहान ठेवली होती मी.

आज मीच तिले फोन लावला, सगळं खरं सांगतलं. शिव्या देईन असं वाटलं होतं. ती एवढंच बोलली, "जिच्याकडून आणलं तिच्याकडं जा. आत्ताच निघ."

मोटरसायकल पोहरादेवीच्या रस्त्यानं सुसाट हानली. तांड्यावर भुरीबाई अंगनात बसली होती. अख्ख्या शिवारातली तूर मर रोगानं उभी वाळे, तरी हिच्या बांधावरची हिरवीगार राहे. तेच बी मी तीन वर्षांआधी नेलं होतं.

मले पाहून बुढी धडपडत उठली. "आला रे बापू! बरं झालं. पुरानं बांधच नेला, एक झाड राह्यलं नाई, घरातलं बीही पेरून सरलं होतं. तुहीच वाट पाहून राह्यली होती. आन, पसाभर बी दे." तिनं ओढनीचा पदर पसरला.

तांड्यावर आईले याडी मनतात, मीही तिले तेच मनो. "याडी, माह्याजवळचं सारं किडलं. तू तं दरसाली शेजारपाजारी बी देत होती ना? हिरीबाईले? कोनाले तरी दिलं असशीन!"

"देत होती ना. एकीचं बुडलं तं दुसरीकडून भेटे." तिनं पदर हळूच सोडला. "पन बी नेतानी तूच हात जोडून बोलला होता, 'याडी, आतापासून कोनालेच देऊ नोको.' हिरीबाईचं बुडलं तवा ती दोनदा मांगाले आली, बापू. मी तिले रिकाम्या हातानं वापस पाठवली."