तीन सेंटीमीटरचा फरक

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, मोजायची. पिवळ्या कापडी फितीवर काळे आकडे, टोकाला पितळी कडी आणि गुंडाळून ठेवायला चामड्याचा गोल डबा. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा प्रत्येक सेंटीमीटर खरा होता. तिथल्या तपासनीस बाईंनी मला पोलादी पट्टीशेजारी ठेवून तशी खात्री करून घेतली होती.

मग मी परवाना कार्यालयात आले. कुणाला घर बांधायचे असो की दुकान उघडायचे असो, अर्ज तिथेच येई. अर्ज आला की आमचे साहेब मला पिशवीत टाकून जागा पाहायला निघत. साहेब कडक, पण सचोटीचे. अर्जदाराकडे चहासुद्धा घेत नसत.

लोकांना वाटते, अर्ज उगीचच नामंजूर होतात. बहुतेकदा तसे नसते. एकाने नकाशात जिना दाखवला होता आणि जागेवर नुसती शिडी होती. एकाने शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटून खोली काढली होती. एका खानावळीला एकच दार होते आणि त्याच दाराशी गॅसच्या टाक्या रचल्या होत्या. मालक म्हणाला, "साहेब, एवढ्यानं काय होतंय?" साहेब म्हणाले, "आधी दुसरं दार काढा, मग बोलू." त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पण साहेबांना मला करकचून ओढायची सवय होती. त्यात ऊन, चिखल, ओल. शेवटी मी कापडाची. वर्षामागून वर्षे मी थोडी थोडी ताणली गेले. ताणलेल्या टेपचे आकडे लांब लांब होतात, म्हणून ती खऱ्यापेक्षा कमी माप दाखवते. मला हे कळले ते एका काचेमुळे. कार्यालयाच्या टेबलासाठी काच करायची होती. शिपाईकाकांनी मला घेऊन टेबल मोजले. काच आली ती चार सेंटीमीटर आखूड. सगळे काचवाल्यावर तुटून पडले. तो बिचारा नुसता डोके खाजवत राहिला. मी मात्र डब्यात गार पडले. चूक माझी होती, आणि मला तोंड नव्हते.

त्यानंतर साहेब पिशवी उचलत तेव्हा माझ्या मनात येई, आज कुणाचे वाटोळे होणार?

अशातच एका शिंपीणबाईंचा अर्ज आला. घराच्या मागच्या खोलीत त्यांना शिवणकामाचा कारखाना काढायचा होता. सहा मशीन, सहा बायका. शाळांच्या गणवेशाचे मोठे काम मिळत होते, पण परवाना असेल तरच. मागच्या दाराकडे जाणारा बोळ त्यांच्या दिराने बांधला होता. दीर गवंडी होता, नेमाचा माणूस.

साहेबांनी मला बोळात आडवे धरले. "एकशे सतरा. एकशे वीस पाहिजे. आग लागली तर सहा बायकांना एकदम बाहेर पडता आलं पाहिजे."

"साहेब, मी स्वतः मोजून बांधलंय," दीर म्हणाला.

"आकडा समोर आहे," साहेब म्हणाले, आणि अर्ज नामंजूर झाला.

दिराने दोन्ही बाजूंचे प्लास्टर खरवडले. दोन सेंटीमीटर जागा वाढली. पुन्हा अर्ज, पुन्हा आम्ही. माझ्यावर एकशे एकोणीस दिसले. पुन्हा नामंजूर. मला ओरडावेसे वाटत होते. दिराची मान खाली गेली होती. "वहिनी, माझ्या हातून असं कधी झालं नाही हो," एवढेच तो म्हणाला.

तिसऱ्यांदा साहेबांना त्यानेच बोलावले. हातात पहार होती. "साहेब, कुठवर तोडायची ते आखून द्या. भिंतच मागे घेतो."

त्या भिंतीवरच वरच्या खोलीचा भार होता, आणि वरच्या खोलीत शिंपीणबाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. वरून आवाज आला, "काय रे, काय तोडताय?"

"काही नाही आई, पडून राहा," दीर म्हणाला. साहेबांनी खडू काढला. माझे टोक भिंतीला लागले. वाटले, इथेच तुटून पडावे.

"थांबा," शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांनी गळ्यातली टेप काढली. "एकदा हिनं मोजा."

"बाई, ती कपड्याची टेप. ही सरकारी आहे."

"सेंटीमीटर दोन्हीकडे सारखाच ना, साहेब? शिवणकामातली टेपही ताणली जाते. म्हणून मी दर सहा महिन्यांनी बदलते. ही मागच्या आठवड्यातली आहे. हिच्यावर बोळ एकशे बावीस भरतो."

त्यांनी आम्हा दोघींना कापड बेतायच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिचा एकशे वीसचा आकडा होता तिथे माझा एकशे सतराचा. साहेबांनी वाकून दोन्ही आकडे पाहिले. मग त्यांनी खडू खिशात टाकला.

"पहार ठेवा खाली," ते दिराला म्हणाले. "बोळ बरोबर आहे. चूक आमची आहे."

दिराने पहार खाली टाकली. परवाना त्याच आठवड्यात मिळाला.

साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. नवी पोलादी टेप मागवून त्यांनी कपाटातले नामंजूर अर्ज काढले. दोन-चार सेंटीमीटरसाठी अडलेल्या सगळ्या जागा पुन्हा मोजल्या. काही खरोखरच अपुऱ्या निघाल्या. अकरा बरोबर निघाल्या. साहेब दहा जणांच्या घरी गेले आणि हात जोडून चूक कबूल केली.

अकरावा एक न्हावी होता. दुकानाचे दार अरुंद म्हणून त्याचा अर्ज फेटाळला गेला होता. तो दुकान सोडून गेला होता, कुठे ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. साहेबांनी त्याला लिहिलेले पत्र तसेच परत आले.

मित्रांनो, तुमच्याकडे जे काही मापायचे, तोलायचे, तपासायचे साधन असेल, ते अधूनमधून खऱ्या मापाशेजारी ठेवून पाहा. आम्हाला आमची चूक सांगता येत नाही. आणि तो न्हावी कधी तुम्हाला भेटला, तर त्याला एवढे सांगा, की तुझे दार बरोबर होते.